कवेलूचे तुकडे, घासण्या आणि हवेचा पंप: घरच्या फिश टँकचा फिल्टर

४ फेब्रुवारी

काचेची टाकी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर ५४ लिटर. मी दहा इंचांपर्यंतच भरणार, म्हणजे ४५, आणि तळाला रेती गेली की हिशेबाला ४० लिटर पाणी धरायचं.

मासे गप्पीच ठेवायचे हे आधीच ठरलंय. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याच्या पैदास टाक्यांत ते असतातच, त्यामुळे विकत घ्यायची गरज नाही. शिवाय गप्पीला जड पाणी चालतं. आमच्या मोर्शी तालुक्यात बोअरचं पाणी इतकं जड की ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि संत्र्याच्या बागेत लाइनीतून आम्ल सोडून तो काढावा लागतो. अशा पाण्यात नाजूक, मऊ पाण्याचे मासे आणून त्यांचे हाल करण्यात अर्थ नाही.

फिल्टर विकत घेतला तर पाण्यात बुडणारा, मोटारीचा मिळतो. तो दोन कारणांनी नको. एक तर गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि असल्या फिल्टरच्या तोंडाशी ती पिल्लं ओढली जातात. दुसरं कारण विजेचं. घरात कूलरचा जुना पंप पडला आहे, तोच वापरू असंही घरात निघालं. मी साफ नाही म्हटलं. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. ज्या पाण्यात पोरगी दिवसातून दहादा हात घालणार त्या पाण्यात २३० व्होल्टची वस्तू मी ठेवणार नाही.

म्हणून हवेवर चालणारा फिल्टर. पंप बाहेर, तोही ५ व्होल्टचा, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा. पाण्यात फक्त नळी.

८ फेब्रुवारी

बांधकामाआधी पाणी तपासून घेतलं. घरात दोन पाणी आहेत, बोअरचं आणि ग्रामपंचायतीच्या नळाचं.

नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. जलसुरक्षक रोज सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी करतात, त्यांच्याकडून दोन थेंब मागून घेतले. छोट्या नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, आणि पाणी लगेच पिवळं. म्हणजे क्लोरीन आहे. माणसाला हवाच, माशाला आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना घातक. तेच पाणी बादलीत हवा सोडून एक रात्र ठेवलं. सकाळी ओटी टाकली, पिवळेपणा अजिबात नाही.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही, पण ते जमिनीतून येतं तेव्हा त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही एक दिवस हवेशीर ठेवायचं. तपासणीच्या पट्टीवर जडपणा शेवटच्या खान्यापर्यंत गेला. पीएच ८ च्या जवळ. नायट्रेट २५ च्या आसपास. पिण्याच्या पाण्याला ४५ मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा आहे, त्याच्या आत आहे. पण हा आकडा आत्ताच लिहून ठेवला, कारण पुढे टाकीत नायट्रेट दिसलं तर किती बोअरचं आणि किती माशांचं हे कळायला हवं.

पीएच ८ ची मात्र धास्ती आहे. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक विषारी. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. तापमान वाढलं की आणखी वाढतो. जड पाणी, जास्त पीएच आणि पुढे आमचा उन्हाळा. आमच्याकडे फिल्टर कच्चा राहिला तर मासे लवकर मरतात ते यामुळेच.

१० फेब्रुवारी

सामान गोळा केलं. एक लिटरची रुंद तोंडाची, फिरकी झाकणाची प्लास्टिकची बरणी, खाण्याच्या पदार्थाचीच. अर्धा इंची आणि पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, दोन्हींचे एल्बो. हवेची बारीक नळी, छोटा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या, साध्या. स्पंज लावलेल्या आणि जंतुनाशक असं लिहिलेल्या घेतल्या नाहीत, तारेच्याही नाहीत.

आणि कवेलू, म्हणजे छपराची कौलं. मागच्या गोठ्यावर टिन टाकले तेव्हापासून जुन्या कवेलूंचा ढीग पडून आहे. भाजलेली माती, आतून सच्छिद्र. चुना किंवा रंग लागलेले बाजूला काढले. बाकीचे पोत्यात घालून हातोडीने फोडले, सुपारीएवढे तुकडे ठेवले, चुरा फेकला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरून बघत होते.

"कवेलू काऊन फोडून राह्यली?"

"फिल्टरमध्ये भरायचे आहेत मामाजी."

"त्याच्यानं गाळलं जाते का पाणी?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. बागेत ठिबकला सँड फिल्टर आहे, जाळीचा फिल्टर आहे. त्यांचं काम कचरा अडवणं, अडकला की बॅकवॉश देणं. फिश टँकच्या फिल्टरचं हे काम दुय्यम आहे. त्याचं खरं काम जिवाणूंना बसायला जागा देणं. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे राहत नाहीत, कशाला तरी चिकटून वाढतात. म्हणून सच्छिद्र तुकडे.

मामाजींना सांगितलं की बागेत अमोनियम सल्फेट टाकतो त्याचं नायट्रेट मातीत असेच जिवाणू करतात, तेव्हा झाडाला बराचसा नत्र त्या रूपात मिळतो. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने मातीतूनच ते वेगळे केले होते. "मंग त मातीच भर न बरनीत," म्हणाले. मातीने पाणी गढूळ होईल, भाजलेली माती चालेल, असं म्हटल्यावर त्यांनी स्वतः उठून ढिगातले चांगले भाजलेले, टणटण वाजणारे कवेलू निवडून दिले.

ठिबकच्या जुन्या लॅटरल नळ्यांचे तुकडे घरात हवे तेवढे आहेत. ते मुद्दाम घेतले नाहीत. त्यातून वर्षानुवर्षं खत, आम्ल, कधी कीटकनाशक गेलेलं असतं.

१४ फेब्रुवारी

आज बांधला. तुकडे आधी तीनदा धुतले, मग मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, अर्धा तास उकळले. थंड करून, वाळवून एक तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकला तर त्याच्या फुटलेल्या बाजूने बारीक बुडबुड्यांची माळ सुटली आणि बराच वेळ सुटत राहिली. आतल्या पोकळ्यांतली हवा ती. पाणी आत शिरतंय, म्हणजे जिवाणूंनाही जागा मिळणार.

रचना अशी. बरणीच्या झाकणाला मधोमध पाइपच्या मापाचं भोक. पाइप त्यातून थेट बरणीच्या तळापर्यंत. पाइपच्या खालच्या टोकाला हॅकसॉने चार खाचा पाडल्या, म्हणजे पाणी तिथून पाइपात शिरेल. खाचांच्या थोडं वर एक बारीक भोक, त्यातून हवेची नळी आत. बरणीत खाली कवेलूचे तुकडे, वर घासण्या. झाकणाला आणि बरणीच्या वरच्या कडेला तापवलेल्या दाभणाने भोकं. भोकं पाडताना प्लास्टिकचा वास येतो, हे काम अंगणात करावं.

पाणी वरच्या भोकांतून आत येणार, आधी घासण्यांतून, मग कवेलूंतून खाली जाणार आणि पाइपातून वर चढून वरच्या टोकाच्या एल्बोतून टाकीत पडणार. मोठा कचरा वरच्या घासणीतच अडकेल, ती एकटी काढून धुता येईल आणि खालच्या तुकड्यांना हात लावायची वेळ क्वचित येईल. हा क्रम महत्त्वाचा आहे. उलटा भरला तर दर वेळी पूर्ण बरणी उपसावी लागते.

कुठेही चिकटद्रव्य वापरलेलं नाही. सगळं घट्ट बसवलेलं. कवेलूच्या वजनाने बरणी तळाला नीट बसते.

१५ फेब्रुवारी

हवा सोडली. पाणी चढतं यामागे जादू नाही. पाइपात बुडबुडे मिसळले की आतला पाण्याचा स्तंभ बाहेरच्यापेक्षा हलका होतो, बाहेरचं जड पाणी त्याला वर ढकलतं. नवीन बोअर मारल्यावर कॉम्प्रेसरची हवा खाली सोडतात आणि पाणी उसळून वर येतं, ते याच तत्त्वावर. धाकटीने एल्बोखाली हात धरला आणि ओरडली, "आई, पाणी वर चढून राह्यलं!"

मग मोजमाप. एल्बो पाण्याच्या पातळीच्या किंचित वर धरून खाली पाव लिटरचा ग्लास धरायचा आणि भरायला लागणारे सेकंद मोजायचे.

पाऊण इंची पाइप: १४ सेकंद, म्हणजे तासाला ६४ लिटर.
अर्धा इंची पाइप: ९ सेकंद, म्हणजे तासाला १०० लिटर.

पंप तोच, हवा तेवढीच. हवा थोडी असेल तर रुंद पाइपात बुडबुडे पाण्याच्या बाजूने निसटून जातात. अरुंद पाइपात ते पाण्याचा घोट पुढे घालून नेतात. अर्धा इंचीच ठेवला. टाकीतलं पाणी तासाला अडीच वेळा फिल्टरमधून जातं, गप्पींना एवढं पुरे. एल्बो पातळीला टेकवून ठेवला की प्रवाह थोडा वाढतोच, कारण तेवढी उंची चढायची वाचते.

पंप टाकीच्या वरच्या फळीवर ठेवला. खाली ठेवला असता तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरलं असतं. एनआरव्ही लावलाय, तरी फक्त त्याच्या भरवशावर राहू नये.

आणखी एक, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलं. हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. त्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विड मशीन लावायचं नाही. त्यातली पायरेथ्रॉइड गटाची औषधं माशांना फार विषारी असतात. फवारणीचे कपडेही त्या खोलीत नकोत.

१८ फेब्रुवारी

मासे न टाकता फिल्टर पिकवायला, म्हणजे त्यात जिवाणू वसवायला सुरुवात. जिवाणूंना अमोनिया हवा. मामाजी म्हणाले, युरिया आहे घरात, चिमूटभर टाक. २०१५ पासून आपल्याकडचा युरिया निंबोळी तेलाचं आवरण दिलेलाच असतो. ते तेल मला टाकीत नको. बाजारातून आणलेलं सुकट धुऊन मलमलच्या फडक्यात बांधून टाकीत सोडलं, वर रोज चिमूटभर माशांचं खाद्य. कुजेल आणि अमोनिया देईल.

आरोग्य उपकेंद्राच्या गप्पी टाक्यात परवानगीने दोन घासण्या दोरीने बांधून सोडून आले. तिथलं पाणी जुनं, जिवाणू वसलेले. काही दिवसांनी त्या घासण्या माझ्या बरणीत घालणार. विरजण तसं हे. मासेही त्याच टाक्यातून आणायचे असल्याने वेगळा रोग येण्याची भीती नाही.

२७ फेब्रुवारी

पाणी दुधाळ. वास नाही. हे दुसरे, झपाट्याने वाढणारे जिवाणू, कुजणाऱ्या खाद्यावर आलेले. पाणी बदललं नाही. अमोनिया २ च्या खान्यात, नायट्राइट शून्य.

८ मार्च

पाणी आपोआप निवळलं. उपकेंद्रातल्या घासण्या परवा आणल्या, ओल्याच, त्याच पाण्याच्या डब्यात. वाळल्या असत्या तर उपयोग गेला असता. आज अमोनिया १ वर उतरलाय आणि नायट्राइटच्या नळीत गडद जांभळा रंग. पहिला टप्पा सुरू झाला.

इथे घाई करणारे फसतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, अमोनिया उतरतोय, आणि मासे टाकावेसे वाटतात. पण नायट्राइट माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच घालवतो. हे जिवाणू हळू वाढतात. कुजवणारे जिवाणू काही मिनिटांत दुप्पट होतात, यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतो. चांगला महागडा फिल्टर आणला तरी हे थांबणं चुकत नाही. आणि बरणीचा फिल्टर असला तरी एवढं थांबलं की तो तेच काम करतो.

आमच्या जड पाण्याचा इथे फायदा आहे. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट होताना साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू आणि सात मिलिग्रॅमच्या आसपास क्षारता खर्च होते. मऊ पाण्यात ती संपून पीएच कोसळतो आणि काम बंद पडतं. आमच्या बोअरमध्ये क्षारता भरपूर.

१७ मार्च

संध्याकाळी अवकाळी आला, वाऱ्याने तारा तुटल्या, गावठाण फीडर बंद. रात्री वीज येणार नाही हे दिसतच होतं. संत्र्याच्या आंब्या बहाराची फळं बारीक आहेत, मामाजींचं सगळं लक्ष बागेकडे.

फिल्टरची हवा बंद झाली की बरणीतलं पाणी थांबतं, आतला प्राणवायू जिवाणूच संपवतात आणि मग त्यांचंच काम बंद पडतं. म्हणून ५ व्होल्टचा पंप. पंप १ वॉटच्या आसपास खातो. १०,००० एमएएचची पॉवर बँक, हिशेबाने ३७ वॉट-तास, घट धरली तरी एक रात्र आणि अर्धा दिवस सहज.

दुसरी सोय फवारणी पंपाच्या बॅटरीची. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास, शेतकऱ्याच्या घरी असतेच. तिला गाडीत लावायचा मोबाइल चार्जर जोडला की ५ व्होल्ट मिळतात. ती निम्म्यापेक्षा खाली उतरू देऊ नये, लवकर खराब होते. बॅटरी पंपातून काढून, ओल्या फडक्याने पुसून, खोलीबाहेर ठेवायची आणि फक्त वायर आत आणायची. नंतर हात साबणाने धुवायचे. औषधाचा अंश जमिनीवर सांडला तरी पुसता येतो, टाकीत गेला तर मासे जातात.

आज पॉवर बँकच लावली. रात्री अंधारात टाकीजवळ गेले तर बुडबुड्यांचा आवाज चालू होता.

२६ मार्च

अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट ५० च्या वर. आदल्या दिवशी भरपूर खाद्य टाकून बघितलं होतं, चोवीस तासांत सगळं पचवलं. फिल्टर पिकला.

अर्धं पाणी बदललं, एक रात्र हवा दिलेलं बोअरचं. सुकटाची पुरचुंडी काढली. आज सहाच गप्पी सोडले, दोन नर, चार माद्या. जिवाणूंची संख्या अन्नाच्या मापाने असते, एकदम पंचवीस मासे टाकले तर ते पुरे पडत नाहीत.

खर्चाचा हिशेब: पंप २२०, घासण्या ५०, नळी आणि एनआरव्ही ४५, एल्बो १५. एकूण ३३० रुपये. बरणी, पाइपचे तुकडे, कवेलू घरचेच. अमोनिया आणि नायट्राइटच्या तपासणीचं किट याहून महाग पडलं, पण ते घ्यावंच. पैसे वाचवायचे असतील तर फिल्टरवर वाचवा. तपासणी सोडली तर मासा मेल्यावरच कळतं.

९ एप्रिल

पिल्लं! सकाळी रेतीवर काही हलताना दिसलं. सात-आठ मिलिमीटरची, डोळ्यांचे काळे ठिपके तेवढे मोठे. दुपारपर्यंत बरीचशी बरणीभोवती गोळा झाली आणि झाकणाच्या भोकांवर आलेला बुळबुळीत थर टोचून खाऊ लागली. एकही आत ओढलं गेलं नाही. ओढ मंद आहे आणि आत घासणी आहे. मोठे मासे पिल्लं खातात, म्हणून धाकटीने पाणवनस्पतीचा एक गुच्छ आडोशाला टाकला.

संख्या वाढली की जादा मासे उपकेंद्राला परत द्यायचे. नदीत, नाल्यात, तळ्यात सोडायचे नाहीत. गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा मासा, आपल्याकडे एकदा शिरला की स्थानिक माशांची जागा खातो. पोरांना हे आत्तापासून कळायला हवं.

२८ एप्रिल

बाहेर ४४ अंश. टाकी मातीच्या भिंतीच्या मधल्या खोलीत असूनही पाणी दुपारी ३२. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर, ३२ ला सव्वासातच्या आसपास. आणि माशांना, जिवाणूंना त्याच वेळी तो जास्त हवा असतो. मागच्या काचेला ओलं फडकं लावलं, झाकण काढून वर जाळी टाकली, छताचा पंखा चालू ठेवला. दोन अंश उतरलं.

पंख्याने पाणी झपाट्याने उडतं. उडतं ते पाणी, क्षार मागे राहतात. त्यावर रोज बोअरचंच पाणी भरत गेलं तर जडपणा चढत जाईल. म्हणून नियम केला: उडालेल्या पाण्याच्या जागी आरओच्या कॅनचं पाणी, आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं ते बोअरचं. खाद्यही अर्ध्यावर आणलं.

१४ मे

ग्लास भरायला १६ सेकंद लागले. प्रवाह घटला म्हणजे घासण्या भरल्या. टाकीतलंच पाणी बादलीत काढलं, त्यात वरच्या घासण्या तीन-चारदा पिळल्या. पाणी चहासारखं झालं. नळाखाली धुतल्या असत्या तर टीसीएलने सगळे जिवाणू गेले असते. कवेलूंना हात लावला नाही, फक्त बादलीत बरणी हलवून गाळ बाहेर येऊ दिला. बादलीतलं पाणी मामाजींनी संत्र्याच्या कलमांना नेऊन टाकलं.

परत बसवून मोजलं: १० सेकंद. पाइपाच्या आत पांढरा थर धरलाय, एक सेकंद त्याचा असावा. एल्बो आणि पाइप काढून लिंबाच्या रसात ठेवायचे, त्या वेळी बरणी टाकीतच ठेवून दुसऱ्या पाइपावर चालवायची. एनआरव्हीतली रबरी झडप कडक झालीये, मृगाच्या आधी नवीन आणायचा. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बरणीचं काम: तिच्यात घासण्या कमी, कवेलू जास्त, आणि ती आठ दिवस याच टाकीत ठेवून पिकवणार.